पीळ

बाणेरच्या शोरूमला मराठी माहितीपत्रक हवं होतं,
पाडव्याच्या आत.
"वाचणार कोणी नाही," मॅनेजर रास्ते म्हणाले,
"पण मालकांच्या आईंचा आग्रह आहे."
शब्दाला सव्वादोन रुपये.
जीएसटी वेगळा.

एकच गाडी, दोन पोटं.
एकीत तीन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर.
दुसरीत पायांखाली अंथरलेली बॅटरी,
सहाशे पासष्ट किलो, म्हणजे
आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधली आठ माणसं
आणि दार अडवून उभी असलेली दोन.

पॉवरला शक्ती लिहिलं. रेंजला पल्ला.
टॉर्कपाशी अडले.
कोशातला शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला,
घशातच राहिला.
मग दोरीवर वाळणाऱ्या चादरीकडे बघताना सुचलं:
पीळ.
पेट्रोल, पाचशे वीस न्यूटन-मीटर पीळ.
इलेक्ट्रिक, सातशे पंचेचाळीस.

"पीळ सुंभाचा असतो हो," रास्ते म्हणाले.
"आणि सुंभ जळला तरी राहतो," मी म्हटलं.
"अशी वॉरंटी तुमच्या कंपनीनं कधी दिलीय?"

बसल्याशिवाय लिहिणार नाही म्हणून हटून बसले,
तेव्हा टेस्ट ड्राइव्हचे इलाही तांबोळी
मला कात्रजच्या जुन्या घाटात घेऊन गेले.

पहिल्या दिवशी पेट्रोल.
बोगद्याआधीच्या वळणावर त्यांनी पाय दाबला
आणि इंजिन आधी खाकरलं,
सासरे ओटीवर यायच्या आधी खाकरायचे तसं,
मग गाडी पुढे झाली.
शून्य ते शंभर, पाच पूर्णांक चार सेकंद
असं कागदावर.
आमच्यापुढे कलिंगडांचा टेम्पो होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलेक्ट्रिक.
खाकरणं नाही, सूचना नाही,
मान मागे आणि माझं वाक्य अर्धवट.
चार पूर्णांक सात.
आत इतकं शांत
की इलाहीभाईंच्या पोटातली गुडगुड मला ऐकू आली
आणि ऐकू आली हे त्यांना कळलं.
"रोजा आहे," ते म्हणाले, रस्त्याकडे बघत.

शिंदेवाडीच्या उतारावर त्यांनी पाय काढून घेतला.
पडद्याकडे बोट केलं.
पल्ला चारशे बारा. चारशे चौदा. चारशे एकोणीस.
"चढताना खाल्लेलं उतरताना थोडं परत देते.
पेट्रोलवालीचं गेलं ते गेलं.
पण तिचं पोट पाच मिनिटांत भरतं,
हिला ताटकळत बसावं लागतं."

"तुम्हाला कुठली आवडते?"

मागची सीट झुकते, पाठ दाबून देते,
पायांना एक हात आणि चार बोटं जागा:
हे मी सकाळीच लिहून टाकलं होतं.
इलाहीभाई आरशात तिकडेच बघत होते.
"मी मागे कधी बसलो नाही, मॅडम."

"बसा की. मी चालवते. लायसन आहे."
"डॅशकॅम आहे," ते म्हणाले,
आणि काचेवरच्या त्या काळ्या बटणाला
हसून मान लववली.

छापून आलं तेव्हा पिळाचा टॉर्क झाला होता.
उताराचं वाक्य गायब,
त्या जागी सोळा स्पीकर.
मालकांच्या आईंना फोटो आवडले म्हणे.
मी बिल केलं चारशे एकतीस शब्दांचं,
कापलेले धरून.
रास्ते दोन दिवस फोनवर कुरकुरले.

ईदनंतर इलाहीभाईंचा फोन.
एक प्रत घरी नेली होती.
धाकटीनं वाचून विचारलं, अब्बा, टॉर्क म्हणजे काय?
"मग?"
"मग काय. न्हाणीतून ओला टॉवेल आणला,
एक टोक तिला दिलं,
म्हटलं, धर घट्ट, आणि फिरव."

पलीकडे अजून पाणी ठिबकत असावं,
कोणीतरी ओरडत होतं, फरशी पुसा आता.